खांब समुद्राकडे झुकलेला

(सेंदाईतल्या विद्यापीठाची एक खोली, दुपार व्हायची आहे. शिहो मिनागावा आणि तिचे सेन्सेई, प्राध्यापक ओनोदेरा, छताच्या दिव्याकडे बघतायत. भिंतीवरच्या पडद्यावर चिलीतल्या डोंगरावरच्या दुर्बिणीची खोली, तीत निबाल्दो. तिथे अजून कालची रात्र चालू आहे.)

शिहो : थांबलं का?

ओनोदेरा : दिवा अजून हलतोय.

शिहो : तो दिवा मी इथे नोकरीला लागले तेव्हापासून हलतोय, सेन्सेई. चहाकडे बघा.

ओनोदेरा : चहाही हलतोय.

शिहो : तो तुम्ही हातात धरलाय म्हणून.

निबाल्दो : ए, काय चाललंय तिकडे? तुमची खोली पडद्यावर नाचतेय. कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागला?

शिहो : कॅमेरा जागेवर आहे, निबाल्दो. जपान हललं.

निबाल्दो : मोठा?

शिहो : मध्यम. कपाटावरचे जुने प्रबंध बाहेर पॅसेजमध्ये पडले.

निबाल्दो : कुणाला लागलं?

ओनोदेरा : नाही. त्यांच्या जवळपास कुणी जात नाही.

शिहो : टीव्हीवर सांगतायत, होक्काइदोच्या पलीकडे, खोल समुद्रात झालाय. लाटेचा धोका नाही. लिफ्ट बंद पडलीय आणि ती रेकॉर्ड केलेल्या आवाजात सगळ्यांची माफी मागतेय. बाकी ठीक.

निबाल्दो : मग इकडे लक्ष द्या. इथली हवा आज अशी आहे की तारा लुकलुकायचं विसरलाय. उजेड झाकायच्या टिकलीखाली अगदी मधोमध बसलाय. बावीस वर्षांत इतका शहाणा तारा नाही बघितला मी.

ओनोदेरा : निबाल्दो-सान, तुमचे उपकार आहेत.

निबाल्दो : माझे कसले, प्रोफे? हवेचे माना.

ओनोदेरा : हवेचेही आहेत. मिनागावा-सान, ठिपका?

शिहो : अजून नाही. उजेड साठतोय. तारा मावळेपर्यंत साठू दिला तर वर येईल. गेल्या वर्षी जिथे दिसला होता त्याच्या किंचित डावीकडे यायला हवा. तिथे आला तर ग्रह. नाही आला तर गेल्या वर्षी आपण कॅमेऱ्यावरच्या धुळीबद्दल चौदा पानांचा लेख लिहिला.

निबाल्दो : धुळीबद्दल लेख छापतात?

शिहो : छापतात. पण धुळीवर नोकरी मिळत नाही. माझं मार्चमध्ये संपतंय इथलं. सेन्सेईंचंही संपतंय. फरक एवढाच की त्यांना निरोपाला फुलं मिळणार.

ओनोदेरा : तुम्हालाही देऊ फुलं.

शिहो : आभारी आहे, सेन्सेई. मी ग्रह मागत होते.

निबाल्दो : पुढच्या वर्षी बघा की परत. तारा कुठे पळून जातोय?

शिहो : तारा नाही पळत, ग्रह पळतोय. फिरत फिरत ताऱ्याच्या इतका जवळ जाणार आहे की पुढच्या वर्षी तोसुद्धा टिकलीखाली. ताऱ्याचा उजेड झाकायला जी टिकली लावलीय, तीच त्याला झाकणार. बाहेर येईल बावीस वर्षांनी, दुसऱ्या बाजूने.

ओनोदेरा : तेव्हा मी सत्याऐंशी वर्षांचा असेन.

शिहो : म्हणून तो आजच हवा.

ओनोदेरा : मिनागावा-सान.

शिहो : हं?

ओनोदेरा : तो भूकंप. किती मोठा म्हणाले टीव्हीवर?

शिहो : सातच्या वर. पण खोल आणि लांब, म्हणून आपल्याला... अरे देवा.

ओनोदेरा : हं.

निबाल्दो : काय हं? कोणी सांगेल का मला?

शिहो : भूकंप तुझ्याकडे यायला निघालाय.

निबाल्दो : कोणता भूकंप?

शिहो : हाच, आमचा. जमिनीतून त्याच्या लाटा निघतात, पृथ्वीला वळसा घालत जातात. तुझ्या डोंगरापर्यंत पोचायला सव्वा तास.

निबाल्दो : थांब. तुमच्याकडे आज आहे. माझ्याकडे अजून काल आहे.

शिहो : हो. आज झालेला भूकंप तुझ्याकडे काल पोचेल.

निबाल्दो : काल पोचला असता तर मला आज माहीत असतं.

शिहो : अजून पोचायचाय, निबाल्दो. तुझा काल संपायच्या आत.

ओनोदेरा : माणसाला काही जाणवणार नाही. कपातला चहासुद्धा हलणार नाही. फक्त डोंगर अगदी सावकाश झुलेल. केसाच्या जाडीइतका.

निबाल्दो : मग हरकत नाही. दुर्बिणीतला छोटा आरसा घेईल सांभाळून. टिकलीवरून जो उजेड सांडतो तो बघायचा, तारा कुठल्या बाजूला सरकला ते ओळखायचं, तेवढं मान वळवून त्याला परत मधोमध आणायचं. सगळी रात्र तेच करतो बिचारा. मी त्याचं नाव माझ्या मेव्हण्यावरून ठेवलंय.

शिहो : घेईल. पण एकाच बाजूला घेईल. दुसऱ्या बाजूला त्याला जागाच नाहीये. आठवतंय ना, तोंगाचा भूकंप झाला तेव्हा? कडेला जाऊन अडकला आणि तारा टिकलीबाहेर. दीड तास सगळं पांढरं.

निबाल्दो : हो, आणि एका बाजूला का जागा नाही ते मी सांगतो. कारण मोठ्या मोटरीत तो जो आकडा—

शिहो : निबाल्दो, तुझा आवाज तुटतोय.

निबाल्दो : नाही तुटत.

शिहो : तुटतोय. सेन्सेई, बाहेरचे प्रबंध... कुणी त्यांवर पाय देईल.

ओनोदेरा : हो, खरंच. मी उचलतो. ती माणसं फार कष्टाळू होती.

शिहो : गेले. आता बोल, पण हळू.

निबाल्दो : तू त्या माणसाला प्रबंध उचलायला पाठवलंस? पासष्ट वर्षांच्या?

शिहो : आता ऐक. मोठी मोटर अख्ख्या दुर्बिणीला वळवते. तिच्यात सेन्सेईंनी एक दुरुस्ती घालून ठेवलीय, का तर खांब समुद्राकडे झुकलेला आहे. दुर्बीण ज्या खांबावर उभी आहे तो.

निबाल्दो : माहितीये.

शिहो : तो झुकलेला नाही.

निबाल्दो : तेही माहितीये.

शिहो : मी आले तेव्हा मोजला. माझ्या आधीच्या हिरोकावा-साननी मोजला होता. त्यांच्या आधीच्या कामाता-साननीही. सरळ आहे. पण सेन्सेईंची दुरुस्ती काढणार कोण? म्हणून ती मोठ्या मोटरीत तशीच ठेवायची, आणि तिच्यामुळे दुर्बीण जितकी वाकडी होते तितकं आरशाला उलट्या बाजूला वळवून ठेवायचं. आरसा जन्मापासून मान वाकडी करून बसलाय. म्हणून एका बाजूला जागा नाही.

निबाल्दो : म्हणजे एक चूक, आणि ती दिसू नये म्हणून उलटी चूक.

शिहो : चूक नको म्हणूस. दुरुस्ती म्हण.

निबाल्दो : काढून टाक. मोटरीतली काढ, आरसा सरळ कर.

शिहो : काढल्यावर तारा परत टिकलीखाली आणायला अर्धा तास जातो. म्हणजे वेळ आहे, अजून वेळ आहे. फक्त सेन्सेईंना सांगावं लागेल.

निबाल्दो : मग सांग. "प्रोफे, तुमचा आकडा चुकलाय." झालं.

शिहो : निबाल्दो, तुला कधी जपानी माणसं भेटलीयेत का?

निबाल्दो : बावीस वर्षं भेटतायत. म्हणून तर ओरडतोय.

ओनोदेरा : ठेवले नीट. एकाचं पान दुमडलं होतं, सरळ केलं. सहाव्या प्रकरणात शुद्धलेखनाची एक चूक दिसली. आता त्याला कसं कळवायचं.

शिहो : सेन्सेई, मी आत्ता खांबाचा विचार करत होते.

ओनोदेरा : कुठल्या?

शिहो : चिलीतल्या. समुद्राकडे झुकलेल्या.

ओनोदेरा : हं. झुकलेला आहे.

शिहो : फार छान झुकलाय.

ओनोदेरा : असं?

शिहो : म्हणजे, कधी कधी वाटतं, न झुकता कसा दिसला असता.

निबाल्दो : आई गं.

शिहो : आवाज तुटतोय, निबाल्दो.

ओनोदेरा : मिनागावा-सान, तुम्हाला ती दुरुस्ती काढायची आहे का?

शिहो : नाही, नाही. काढायची अजिबात नाही. फक्त ती तिथे नसावी.

ओनोदेरा : तुम्ही खांब मोजला असेल.

शिहो : सहज. एकदा. चारदा.

ओनोदेरा : मीही मोजला होता.

शिहो : मग तुम्ही ती घातली कशी?

ओनोदेरा : मी नाही घातली. ती चिदा सेन्सेईंची आहे.

शिहो : चिदा सेन्सेई? दरवर्षी नवीन वर्षाला वाळवलेले स्क्विड पाठवतात ते?

ओनोदेरा : ते माझे गुरू. मी इथे लागलो तेव्हा ती दुरुस्ती आधीपासून होती. काढणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी आरसा थोडा वळवला.

शिहो : आम्ही सगळे इतकी वर्षं तुमची समजून तिला जपतोय.

ओनोदेरा : मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सगळे इतक्या आदराने वागत होता तिच्याशी.

निबाल्दो : छान. आता कुणाचीच नाही. काढा.

ओनोदेरा : चिदा सेन्सेईंना विचारावं लागेल.

निबाल्दो : प्रोफे, ते किती वर्षांचे आहेत?

ओनोदेरा : एक्क्याण्णव.

निबाल्दो : आत्ता काढा, उद्या सांगा.

ओनोदेरा : उद्या सांगितलं तर आज विचारलं नाही असं होईल.

शिहो : सेन्सेई, फोन लावा. पटकन, पण सावकाश.

ओनोदेरा : हॅलो. ओनोदेरा बोलतोय. सेन्सेई, नेहमी तुमची कृपा असते... हो. भूकंपात काही पडलं तर नाही ना?... फक्त बुद्धिबळाचा डाव. अरेरे. कोण जिंकत होतं?... तुम्ही. फारच वाईट झालं.

निबाल्दो : शिहो, हा माणूस फोनवर वाकतोय.

शिहो : वाकू दे. वाकल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही.

ओनोदेरा : हो, इकडून चिलीला पोचणार... हो, साठ साली त्यांच्या भूकंपाने आपल्याकडे समुद्राची लाट आली होती, खरंय... तुमच्या वडिलांची नाव, हो. पोस्टाच्या छपरावर... नाही, मागच्या नवीन वर्षाला तुम्ही सांगितलं होतं, पण... नाही नाही, पुन्हा ऐकायला आवडेल.

शिहो : सेन्सेई. घड्याळ.

ओनोदेरा : आणि नावेत मांजर होती. हो. ती खाली यायला तयार नव्हती... हो... पोस्टमास्तर शिडी घेऊन...

निबाल्दो : आमच्या लाटेने गेली का नाव? मला आता अपराधी वाटायला लागलंय.

शिहो : गप्प बस, मांजर उतरू दे.

ओनोदेरा : सेन्सेई, अतिशय क्षुल्लक बाब आहे, विचारायलाही लाज वाटते. मोठ्या मोटरीतली ती तुमची दुरुस्ती... हो, खांबाची... नाही, उत्तमच आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही... कोणाची?... हं... बोकड?... हं... असं होय. समजलं. असं म्हणाले ते?... हो. नक्की विचारतो. तब्येतीला जपा. डाव पुन्हा मांडा... हो. हो. ठेवतो... तुम्ही ठेवा... नाही, आधी तुम्ही.

शिहो : सेन्सेई, मी ठेवते. ठेवला. काय म्हणाले?

ओनोदेरा : त्यांची नाही.

निबाल्दो : अरे माझ्या देवा.

ओनोदेरा : खांब उभा राहत होता तेव्हा ते तिथे गेले होते. एलिसेओ नावाच्या गवंड्याने तो बांधला. निघायच्या दिवशी त्याने ह्यांच्यासाठी बोकड कापला, जेवायला घातलं, आणि जेवणानंतर सांगितलं की खांब जरासा समुद्राकडे झुकलाय. चिदा सेन्सेईंनी मोजला. सरळ होता.

शिहो : मग?

ओनोदेरा : ज्याच्या घरचं जेवलो त्याला खोटं कसं पाडायचं, म्हणाले. त्याने सांगितलं तेवढा आकडा मोटरीत घातला. त्याच्या शब्दाचा मान म्हणून. आणि म्हणाले, त्या एलिसेओंना विचारल्याशिवाय काढू नका.

शिहो : ठीक. निबाल्दो, हा एलिसेओ कुठे मिळेल? निबाल्दो? आता खरंच आवाज तुटला का?

निबाल्दो : नाही.

शिहो : मग?

निबाल्दो : त्या खांबावर एकच एलिसेओ होता. डॉन एलिसेओ. माझा सासरा.

शिहो : वा. मग लाव फोन.

निबाल्दो : अं.

शिहो : आत्ता काढा, उद्या सांगा, असं कोण म्हणत होतं?

निबाल्दो : दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला असतो, शिहो. दर रविवारी ते विचारतात, काय रे, खांब अजून झुकलेलाच आहे ना? मी म्हणतो, हो डॉन एलिसेओ, तुम्ही म्हणालात अगदी तसाच. मग ते मला दुसऱ्यांदा वाढतात.

शिहो : बावीस वर्षं?

निबाल्दो : मोठे तुकडे वाढतात.

शिहो : आमच्यात राहून बिघडलास तू.

निबाल्दो : तुझ्या आधीपासून बिघडलोय, पोरी. लग्न ठरवायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न खांबाचाच होता.

ओनोदेरा : निबाल्दो-सान, तुमच्या घरात आमच्यामुळे काही वाद होणार असेल तर राहू दे.

शिहो : सेन्सेई, राहू दे नका म्हणू. आपल्याकडे राहू देण्याइतका वेळ नाहीये.

निबाल्दो : लावतो. लावतोय. तुम्ही दोघं जरा दुसरीकडे बघा... डॉन एलिसेओ? झोपला होतात का?... नाही, कुणी मेलं नाही... तुमची रोसाउरा बरी आहे... मुलंही. टीव्ही जरा बारीक करा... टीव्ही. बारीक... नाही, मला काढलं नाही नोकरीवरून. अजून नाही. डॉन एलिसेओ, तो खांब... हो, झुकलेलाच आहे. म्हणजे, तुम्ही म्हणालात तसाच आहे, पण समजा, फक्त समजा, तो...

शिहो : का थांबलास?

निबाल्दो : हसतायत ते.

शिहो : हसतायत?

निबाल्दो : ...हो, ऐकतोय... हो... कधी?... आणि तुम्ही मला हे आत्ता सांगताय?... ठेवतो. हो, रविवारी येतोच आहे.

ओनोदेरा : काय म्हणाले?

निबाल्दो : खांब कधीच झुकलेला नव्हता.

शिहो : त्यांना माहीत होतं?

निबाल्दो : त्यांनीच ओळंबा लावून बांधलाय. म्हणतात, उभ्या जन्मात इतकं सरळ काही बांधलं नाही.

ओनोदेरा : मग तसं का सांगितलं त्यांनी?

निबाल्दो : तुमचे गुरुजी शेवटच्या दिवशी त्यांच्यापुढे येऊन वाकले. कमरेत, असे, जमिनीपर्यंत. आणि विचारलं, कामात काही उणीव राहून गेलीय का, असेल तर मोकळेपणाने सांगा. उणीव काहीच नव्हती. पण म्हणतात, माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला, इतका वाकून मागतोय, त्याला काही नाही म्हणून रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? म्हणून एक बारीकशी दिली.

शिहो : चूक भेट दिली.

निबाल्दो : बारीकशी. प्रवासात जड होऊ नये म्हणून.

ओनोदेरा : चिदा सेन्सेई मला आत्ता म्हणाले, ते विचारायचं म्हणून विचारलं होतं. निघताना विचारायची पद्धत असते.

शिहो : आणि दर रविवारी सासरे का विचारायचे?

निबाल्दो : जावयाशी दुसरं बोलायचं काय, म्हणाले.

शिहो : म्हणजे आता परवानगी मिळाली. सगळ्यांची. जिवंत आहेत त्या सगळ्यांची.

ओनोदेरा : मग काढा, मिनागावा-सान.

शिहो : सेन्सेई, फोन करण्यातच तास गेला. लाटा यायला पंधरा मिनिटं राहिलीयेत.

ओनोदेरा : आणि तारा परत बसवायला?

शिहो : अर्धा तास. आत्ता काढली तर लाटा येतील तेव्हा टिकली रिकामी असेल, आणि झुलत्या ताऱ्याला तिच्याखाली बसवता येत नाही. नाही काढली तर टिकलीखाली तारा असेल आणि आरसा त्याला सोडून देईल.

निबाल्दो : लाटा गेल्यावर?

शिहो : त्या तासभर झुलवत राहणार. तोवर तारा तुझ्या डोंगराआड.

ओनोदेरा : तुम्हाला काय वाटतं?

शिहो : तुम्हाला काय वाटतं, सेन्सेई?

ओनोदेरा : ठिपका तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं.

शिहो : दुर्बिणीची वेळ तुमच्या नावावर आहे. तुम्ही म्हणाल तसं.

निबाल्दो : मला वाटतं, तुम्ही असेच एकमेकांना विचारत राहाल आणि पंधरा मिनिटं संपतील.

शिहो : मलाही तसंच वाटतं.

ओनोदेरा : लाट कदाचित आरशाला जागा आहे त्या बाजूनेच येईल.

शिहो : लाट आहे ती, सेन्सेई. जाते तशी परतही येते.

ओनोदेरा : हो. ते विसरलो.

निबाल्दो : मी कॉफी आणू का? स्वयंपाकघराच्या दारात कोल्हा येऊन बसलाय. त्याला पाव टाकतो. करण्यासारखं तेवढंच आहे.

शिहो : टाक. एक माझ्यातर्फे.

ओनोदेरा : उजेड साठतोय ना अजून?

शिहो : साठतोय. जेवढा मिळेल तेवढा घेतेय. सेन्सेई, आपण सगळे किती चांगली माणसं आहोत, नाही? कुणीच कुणाला दुखवलं नाही.

ओनोदेरा : हो. म्हणून तर इतकी वर्षं लागली.

निबाल्दो : टाकला पाव. कोल्हा वास घेऊन निघून गेला. काही झालं का?

शिहो : नाही. थांब. हो.

ओनोदेरा : आली?

शिहो : तारा डावीकडे निघालाय. हळू. आरसा गेला मागे. धरला. आता उजवीकडे. धरला.

निबाल्दो : शाबास रे, मेव्हण्या.

शिहो : पुन्हा. जास्त. धरला. आता समुद्राच्या बाजूला... वळतोय, वळतोय...

ओनोदेरा : आणि?

शिहो : कडेला टेकला.

निबाल्दो : तारा?

शिहो : बाहेर येतोय. टिकलीच्या कडेवर आलाय. आला.

ओनोदेरा : सगळं पांढरं झालं.

शिहो : हो.

निबाल्दो : माझी कॉफी हलत नाहीये. बघा, एक थेंब नाही.

शिहो : आमचा चहाही नाही आता. शांत आहे सगळं.

ओनोदेरा : निबाल्दो-सान, आमच्या भूकंपाने तुम्हाला त्रास झाला. माफ करा.

निबाल्दो : प्रोफे, आमच्या लाटेने तुमच्या गुरुजींची नाव छपरावर नेली. फिटलं. उठा, वाकू नका आता, पडद्यावर नुसतं टक्कल दिसतं.

शिहो : लाटा यायच्या आधीचा उजेड आहे आपल्याकडे. ती चित्रं एकावर एक रचते. थोडा आहे, पण रचते.

ओनोदेरा : रचा.

निबाल्दो : तुम्ही रचा, मी इकडे ताऱ्याला निरोप देतो. डोंगराला टेकायला आलाय.

शिहो : झालं. हे बघा. इथे. गेल्या वर्षीच्या किंचित डावीकडे.

ओनोदेरा : हं.

शिहो : हा. हा करडा आहे ना, त्याच्या आत जरासा उजळ.

ओनोदेरा : हो, हो. दिसतोय.

शिहो : दिसतोय ना? मलाही दिसतोय. निबाल्दो, तुझ्याकडे पाठवलाय, बघ.

निबाल्दो : कुठे?

शिहो : मधोमध काळं, त्याच्या डावीकडे.

निबाल्दो : करडं आहे सगळं.

शिहो : करड्याच्या आत.

निबाल्दो : पोरी, तिथे काही नाहीये. तुला दिसतोय कारण तुला हवाय. प्रोफेंना दिसतोय कारण तुला दिसतोय.

ओनोदेरा : निबाल्दो-सान, पडद्यापडद्यात फरक असतो.

शिहो : सेन्सेई.

ओनोदेरा : आमचा पडदा जरा जास्त स्वच्छ—

शिहो : सेन्सेई, खरं सांगा. मी रागावणार नाही, रडणार नाही, चहा आणायला जाणार नाही. दिसतोय का?

ओनोदेरा : दिसल्यासारखं वाटतं.

शिहो : सेन्सेई.

ओनोदेरा : नाही.

शिहो : अजिबात?

ओनोदेरा : अजिबात नाही, मिनागावा-सान.

शिहो : आभारी आहे.

निबाल्दो : तारा गेला. डोंगराआड. दुर्बीण मिटतोय मी.

शिहो : मिटायच्या आधी एक. मोठ्या मोटरीतली ती दुरुस्ती काढते.

निबाल्दो : आता कशाला?

शिहो : आता कुणाला विचारायचं राहिलं नाही म्हणून. सेन्सेई?

ओनोदेरा : काढा.

शिहो : काढली. आरसा सरळ करते. हा बघा. मान सरळ करून बसला तर किती वेगळा दिसतो.

निबाल्दो : मी रविवारी काय बोलू आता?

शिहो : खांब सरळ आहे म्हण.

निबाल्दो : आणि मग ते मला काय वाढतील? जाऊ दे. झोपा तुम्ही. नाही, तुमच्याकडे दुपार आहे. जेवा. बंद करतो.

ओनोदेरा : निबाल्दो-सान, आज खूप मदत झाली.

निबाल्दो : कसली, प्रोफे?

ओनोदेरा : खूपच झाली.

शिहो : गेला तो, सेन्सेई. पडदा बंद आहे. उठा.

ओनोदेरा : हं.

शिहो : लिफ्ट सुरू झाली वाटतं. माफी मागायची थांबलीय.

ओनोदेरा : तुमचा डबा गार झाला असेल.

शिहो : तो सकाळपासून गारच आहे, सेन्सेई. गारच खायचा असतो.

ओनोदेरा : हो. विचारायचं म्हणून विचारलं.